ठिपक्याच्या वर आणि खाली

४ ऑगस्ट १९९४ च्या ‘नेचर’मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या तीन संशोधकांचा एक छोटा निबंध छापून आला. विकी कॉल्विन, मायकेल श्लॅम्प आणि पॉल ॲलिव्हिसाटोस ही त्यांची नावे. त्यांनी एक दिवा केला होता. काचेवर पारदर्शक इलेक्ट्रोड, त्यावर पीपीव्ही नावाच्या वीजवाहक पॉलिमरचा पातळ थर, त्यावर कॅडमियम सेलेनाइडच्या नॅनोस्फटिकांचे थर आणि सर्वांत वर धातूचा दुसरा इलेक्ट्रोड. अवघ्या ४ व्होल्टवर हा दिवा लागायचा. नॅनोस्फटिक मोठे असतील तर लाल, लहान असतील तर पिवळा. इथवर सगळे अपेक्षेप्रमाणे होते. पण व्होल्टेज वाढवत नेले की त्याच दिव्यातून हिरवा प्रकाश येऊ लागायचा, आणि हा हिरवा रंग नॅनोस्फटिकांचा नव्हताच. तो खालच्या पॉलिमरचा होता.

दिवा तोच, थर तेच, तरी उजेड वेगळ्याच मजल्यावरून येत होता. असे झाले, कारण अशा दिव्यात एका बाजूने इलेक्ट्रॉन येतात आणि दुसऱ्या बाजूने होल, म्हणजे इलेक्ट्रॉन नसल्याने राहिलेली धनभारित रिकामी जागा. दोघे जिथे गाठ पडून एक होतात तिथे प्रकाश निघतो. व्होल्टेज वाढल्यावर ही गाठीची जागा नॅनोस्फटिकांतून सरकून पॉलिमरमध्ये गेली होती. पुढच्या तीस वर्षांतली या क्षेत्रातली जवळजवळ सगळी धडपड ही जागा धरून ठेवण्यासाठी झाली. अशा नॅनोस्फटिकालाच क्वांटम डॉट म्हणतात. त्याला नोबेल मिळाले, टीव्हीच्या खोक्यावर त्याचे नाव झळकले. पण विजेवर लागणाऱ्या दिव्यात त्याची खरी किंमत त्याच्या वरच्या आणि खालच्या थरांनी ठरवली. त्या थरांविषयी फार कमी लिहिले जाते, म्हणून हा लेख.

आधी या ठिपक्याबद्दल, म्हणजे क्वांटम डॉटबद्दल, थोडक्यात. कॅडमियम सेलेनाइड हा अर्धवाहक आहे. त्याच्या मोठ्या स्फटिकात इलेक्ट्रॉनला बांधलेल्या अवस्थेतून मोकळ्या अवस्थेत जायला १.७४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. या अंतराला बँड गॅप म्हणतात, आणि इलेक्ट्रॉन परत खाली आला की साधारण तेवढ्याच ऊर्जेचा प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, बाहेर पडतो. १.७४ म्हणजे अगदी गडद लाल, दृश्य प्रकाशाच्या काठावरचा. पण स्फटिक काही नॅनोमीटरांपर्यंत लहान केला की इलेक्ट्रॉन त्यात कोंडला जातो आणि पुंजयांत्रिकीच्या नियमानुसार त्याची किमान ऊर्जा वाढते. अंतर रुंदावते, प्रकाश लालकडून पिवळा, हिरवा, निळा असा सरकत जातो. रसायन तेच राहते, फक्त आकारमानाने रंग बदलतो.

हे प्रथम पाहिले ॲलेक्सी एकिमॉव्ह यांनी, सोव्हिएत संघात, रंगीत काचेत. काचेत कॉपर क्लोराइड घालून ती ५०० ते ७०० अंश सेल्सियसला कमी-जास्त वेळ तापवली की आत वेगवेगळ्या आकाराचे स्फटिक वाढत, आणि जितका स्फटिक लहान तितका तो शोषत असलेला प्रकाश निळ्याकडे सरके. १९८१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये लुई ब्रूस यांना १९८३ साली हेच द्रवात तरंगणाऱ्या कणांत दिसले. १९९३ मध्ये एमआयटीत मुंगी बावेंडी यांनी तापलेल्या द्रावकात रसायने एकदम टोचून जवळजवळ एकाच मापाचे कण बनवण्याची रीत दिली. २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले. बावेंडींच्या रीतीमुळे ठिपका हाताळण्याजोगा झाला; बर्कलीचा दिवा त्यानंतर वर्षभरातच लागला, हा योगायोग म्हणता येणार नाही.

इथे एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण दुकानात तो कोणी सांगत नाही. क्वांटम डॉट दोन प्रकारे उजळतो. एक, त्याच्यावर निळा प्रकाश टाका. तो निळा शोषून स्वतःच्या रंगाचा प्रकाश परत देतो. दोन, त्याच्यात थेट वीज घाला. ‘क्यूएलईडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या टीव्हीत पहिला प्रकार असतो. मागे निळ्या एलईडी असतात, पुढे लाल आणि हिरव्या ठिपक्यांची फिल्म असते, आणि तिच्यापुढे नेहमीचा एलसीडी पडदा. सोनीने २०१३ साली क्यूडी व्हिजन या कंपनीचे ठिपके वापरून या पहिल्या प्रकारचा टीव्ही बाजारात आणला, पुढे सॅमसंगने हा प्रकार घरोघरी पोहोचवला. २०२२ मध्ये आलेल्या क्यूडी-ओएलईडी पडद्यांत निळा प्रकाश ओएलईडीतून येतो, पण ठिपक्यांचे काम तेच: निळा घ्या, लाल किंवा हिरवा द्या. या उपकरणांना कमी लेखायचे कारण नाही, त्यांचे रंग खरोखर सुंदर असतात. पण त्यांत ठिपक्यातून वीज वाहतच नाही. इथून पुढे ‘क्यूएलईडी’ म्हणजे दुसऱ्या प्रकारचा दिवा, ज्यात ठिपका स्वतः विजेवर पेटतो.

वीज घालण्यातली पहिली अडचण ठिपक्याच्या अंगावरच असते. इतक्या लहान कणाचे बरेचसे अणू पृष्ठभागावर असतात, आणि पृष्ठभागावरच्या अणूंचे काही बंध मोकळे राहतात. असा मोकळा बंध म्हणजे सापळाच. इलेक्ट्रॉन त्यात अडकतो आणि त्याची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. म्हणून ठिपक्यावर दुसऱ्या, अधिक रुंद बँड गॅपच्या पदार्थाचे कवच चढवतात. १९९६ साली कॅडमियम सेलेनाइडवर झिंक सल्फाइडचे कवच चढवल्यावर शोषलेल्या प्रकाशापैकी निम्मा परत मिळू लागला. त्या काळी ही मोठी मजल होती. कवचाच्याही बाहेर लांब शेपटीच्या कार्बनी रेणूंचे आवरण असते. त्यांना लिगंड म्हणतात. ओलेइक आम्ल हा त्यातला नेहमीचा. ते नसले तर ठिपके एकमेकांना चिकटून गोळा होतात. पृष्ठभाग झाकायच्या या कामात पुणेही मागे नव्हते. १९९३ मध्ये पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातून शैलजा महामुनी, सुलभा कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी थायोफेनॉलच्या रेणूंनी वेढलेल्या झिंक सल्फाइडच्या क्वांटम डॉटवर निबंध प्रसिद्ध केला होता.

निळ्या प्रकाशाने उजळवायचे असेल तर कवच आणि लिगंड जितके दाट तितके चांगले. विजेने उजळवायचे असेल तर हीच आवरणे आड येतात. लिगंडची कार्बनी शेपटी विजेची दुर्वाहक असते. कवच ओलांडून आत जायला इलेक्ट्रॉनला आणि विशेषतः होलला जोर लागतो. ठिपक्यांचे अनेक थर एकावर एक रचले तर वीज त्यातून रांगत जाते. बर्कलीच्या दिव्याची कार्यक्षमता एका टक्क्याच्या शंभराव्या भागापुढे जात नव्हती. दहा हजार इलेक्ट्रॉन सोडले तर जेमतेम एक फोटॉन बाहेर.

२००२ साली एमआयटीत सेथ को, विंग-केउंग वू, बावेंडी आणि व्लादिमीर बुलोविच यांनी यातून वाट काढली, आणि मला ती या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी कल्पना वाटते. वीज वाहून नेणे आणि प्रकाश देणे ही दोन कामे त्यांनी वेगळी केली. वाहण्याचे काम ठिपक्यांकडून काढूनच घेतले. खाली होल वाहणारा कार्बनी पदार्थ, वर इलेक्ट्रॉन वाहणारा दुसरा कार्बनी पदार्थ, आणि दोघांच्या मधोमध ठिपक्यांचा फक्त एक पदर, एका ठिपक्याच्या जाडीचा. विजेला ठिपक्यांच्या गर्दीतून प्रवास करायचाच नाही, मधल्या पदरापाशी दोन्ही बाजूंनी येऊन भेटायचे आहे.

एका ठिपक्याच्या जाडीचा सलग पदर अंथरायचा कसा? त्यांनी ठिपके आणि होल-वाहक पदार्थ एकाच द्रावकात विरघळवले, काचेवर थेंब टाकला आणि काच वेगाने फिरवली. द्रावक उडून जाताना दोन्ही पदार्थ आपोआप वेगळे झाले आणि ठिपके पृष्ठभागावर येऊन एका पदरात बसले. एका द्रावणातून दोन थर एका झटक्यात तयार झाले. कार्यक्षमता आधीच्या सर्वोत्तम दिव्यांच्या २५ पट झाली. ती अजून अर्ध्या टक्क्याच्या आसपास होती, पण दिशा ठरली होती. आजही बहुतेक क्यूएलईडींची बांधणी हीच असते: इलेक्ट्रोड, होल-वाहक, ठिपके, इलेक्ट्रॉन-वाहक, इलेक्ट्रोड.

पुढचा मोठा बदल इलेक्ट्रॉनच्या बाजूला झाला. कार्बनी इलेक्ट्रॉन-वाहक पदार्थ निर्वातात वाफ करून बसवावे लागत, हवेत आणि ओलाव्यात ते टिकत नसत. त्यांच्या जागी झिंक ऑक्साइडचे नॅनोकण आले. २०११ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या गटाने हे कण वापरून दोन इलेक्ट्रोडांमधले सगळे थर द्रावणातून बसवलेले दिवे दाखवले. झिंक ऑक्साइड पारदर्शक असतो, इलेक्ट्रॉन त्यातून सहज वाहतो, आणि त्याची ऊर्जापातळी ठिपक्यांच्या पातळीशी अशी जुळते की इलेक्ट्रॉनला ठिपक्यात शिरताना फारसा चढ चढावा लागत नाही. काही काळातच तो जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेचा पहिला पर्याय झाला.

द्रावणातून थर रचण्यात एक साधी पण जेरीस आणणारी अडचण आहे. भिंतीला रंगाचा दुसरा हात देताना पहिला हात सुटून ब्रशला लागावा तसे इथे सतत होऊ शकते. वरच्या थराचे द्रावक खालचा थर विरघळवून टाकते. म्हणून एकाआड एक असे द्रावक निवडतात की वरच्या थराच्या द्रावकात खालचा थर विरघळू नये. सर्वांत खालचा, पेडॉट या वीजवाहक पॉलिमरचा थर पाण्यातून बसवतात. त्यावरचे होल-वाहक पॉलिमर क्लोरोबेन्झिनसारख्या द्रावकातून. ठिपके ऑक्टेनमधून, कारण ऑक्टेनमध्ये ते पॉलिमर विरघळत नाहीत. झिंक ऑक्साइड अल्कोहोलमधून, कारण अल्कोहोलमध्ये ठिपके विरघळत नाहीत. क्यूएलईडीत कोणता पदार्थ वापरायचा हे त्याच्या विद्युत गुणांइतकेच तो कशात विरघळतो यावरही ठरते. कागदावर आदर्श दिसणारे कितीतरी थर याच एका कारणाने प्रत्यक्षात येत नाहीत.

आता खऱ्या पेचाकडे येऊ. झिंक ऑक्साइड फारच चांगला निघाला. इलेक्ट्रॉन ठिपक्यांत धो-धो येऊ लागले. होलची बाजू मात्र अवघडच राहिली. पारदर्शक इलेक्ट्रोड आणि पेडॉट यांची ऊर्जापातळी साधारण ५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास असते, तर होलला ठिपक्यात शिरायला ६ किंवा त्याहूनही खोल पातळी गाठावी लागते. मध्ये एक-दोन पॉलिमरच्या पायऱ्या घालून हे अंतर वाटून देतात, तरी शेवटची पायरी उंचच राहते. शिवाय या पॉलिमरमधून होल हळू चालतो. परिणाम असा, की ठिपक्यात इलेक्ट्रॉन आधी येऊन बसतात आणि होलची वाट पाहतात.

वाट पाहणे निरुपद्रवी नाही. ठिपक्यात एक जादा इलेक्ट्रॉन असताना होल आला आणि त्याने एका इलेक्ट्रॉनशी गाठ बांधली, तर सुटलेली ऊर्जा फोटॉन न होता त्या जादा इलेक्ट्रॉनला मिळते. तो उसळतो, आणि ती ऊर्जा उष्णता होऊन विरते. याला ऑजे प्रक्रिया म्हणतात. ठिपका इतका लहान असतो की तीन कण एकमेकांपासून दूर राहूच शकत नाहीत, त्यामुळे ही प्रक्रिया प्रकाश देण्याच्या प्रक्रियेच्या कितीतरी आधी आटोपते. द्रावणात शंभरातले नव्वदहून अधिक फोटॉन परत देणारा ठिपका दिव्यात बसवल्यावर मंदावतो, तो बरेचदा यामुळे. ठिपका बिघडलेला नसतो, त्याच्यावर भार चढलेला असतो.

होल वाढवता येत नसतील तर इलेक्ट्रॉन कमी करा, असा उलटा विचार चीनमधल्या चच्यांग विद्यापीठात पंग श्याओकांग आणि जिन यीचंग यांच्या गटाने केला. २०१४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दिव्यात ठिपके आणि झिंक ऑक्साइड यांच्या मध्ये पीएमएमएचा सुमारे ६ नॅनोमीटरचा थर होता. पीएमएमए म्हणजे दुकानांच्या पाट्या ज्याच्या करतात ते ॲक्रिलिक, पक्के विद्युतरोधक. विजेच्या दिव्यात विजेच्या वाटेवर मुद्दाम घातलेला अडथळा! इतक्या पातळ रोधकातून इलेक्ट्रॉन पुंजयांत्रिकीच्या कृपेने पलीकडे झिरपतात, पण मोजकेच. होलला पोहोचायला वेळ मिळतो. शिवाय झिंक ऑक्साइडचा ठिपक्यांशी थेट स्पर्श टळल्याने ठिपक्यांची उजळण्याची ताकदही शाबूत राहते. लाल प्रकाशाच्या या दिव्याची बाह्य कार्यक्षमता २०.५ टक्के भरली, आणि १०० कॅन्डेला प्रति चौरस मीटर इतक्या चमकेवर त्याचे अर्धायुष्य १,००,००० तासांच्या वर निघाले. १९९४ च्या आकड्याशेजारी २०.५ ठेवून पाहिला की त्या ६ नॅनोमीटरांचे मोल कळते.

२०.५ टक्के ऐकून बाकीचे ऐंशी कुठे गेले असा प्रश्न पडेल. बहुतेक प्रकाश आतच अडकतो. या थरांचा अपवर्तनांक काचेपेक्षा जास्त आणि काचेचा हवेपेक्षा जास्त. तिरपा प्रकाश सीमेवरून परत आत फिरतो आणि थरांच्या आत इकडून तिकडे धावत शोषला जातो. सपाट, साध्या रचनेतून ढोबळमानाने पाचवा हिस्साच बाहेर येऊ शकतो. म्हणजे त्या दिव्यात आत फोटॉन तयार होण्याचे प्रमाण जवळजवळ कमाल मर्यादेला भिडले होते.

उरले दोन प्रश्न, कॅडमियम आणि निळा रंग. कॅडमियम विषारी आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार विद्युत उपकरणाच्या कोणत्याही एकजिनसी पदार्थात ते वजनाने ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. पर्याय इंडियम फॉस्फाइडचा, पण तो चटकन ऑक्सिडाइझ होतो आणि त्याचे कवच नीट बसत नाही. सॅमसंगच्या संशोधकांनी कवच चढवताना हायड्रोफ्लुओरिक आम्लाने गाभ्यावरचा ऑक्साइड काढून टाकला, झिंक सेलेनाइड आणि झिंक सल्फाइडचे जाड कवच दिले आणि लांब लिगंडच्या जागी आखूड लिगंड बसवले. जाड कवचाने ऑजे प्रक्रिया आटोक्यात आली, आखूड लिगंडने विजेची वाट मोकळी झाली. २०१९ मध्ये त्यांनी २१.४ टक्के कार्यक्षमतेचा लाल दिवा दाखवला.

निळा रंग अजून हट्टी आहे. निळ्यासाठी बँड गॅप रुंद हवा, म्हणजे होलची शेवटची पायरी आणखी उंच. २०२० मध्ये सॅमसंगच्याच गटाने झिंक सेलेनाइडमध्ये थोडे टेल्युरियम मिसळून ४५७ नॅनोमीटरचे कॅडमियमविरहित निळे ठिपके बनवले. त्यांच्या दिव्यात ठिपक्यांचे दोन थर होते, दोन्हींत ठिपके तेच पण पृष्ठभागावरच्या क्लोराइडचे प्रमाण वेगळे. त्या फरकामुळे होल आत ओढला गेला. म्हणजे आता खुद्द ठिपक्यांच्या थरातच थर करावे लागले. कार्यक्षमता २०.२ टक्के, अर्धायुष्य १०० कॅन्डेलाला १५,८५० तास.

हा आकडा मोठा वाटतो, पण १०० कॅन्डेला म्हणजे मंद पडदा. चमक आणि आयुष्य यांचे नाते ताठ आहे. या क्षेत्रात नेहमी वापरला जाणारा १.८ हा घातांक धरला तर चमक दसपट केल्यावर आयुष्य सुमारे त्रेसष्ट पटीने घटते. म्हणजे १,००० कॅन्डेलाला हा निळा दिवा जेमतेम अडीचशे तासांत निम्मा होईल. टीव्हीला हे चालणार नाही. शिवाय लाल, हिरवे आणि निळे ठिपके सूक्ष्म पिक्सेलांत शेजारी शेजारी बसवायचे आहेत, तेही खालच्या थरांना धक्का न लावता. त्यासाठी इंकजेट छपाई आणि प्रकाशाने घट्ट होणारे लिगंड हे दोन्ही मार्ग चालू आहेत. २०२४ च्या सुरुवातीला शार्पने आणि त्याच वर्षी सॅमसंग डिस्प्लेने असे पडदे प्रदर्शनांत मांडले. दुकानात ते अजून आलेले नाहीत.

निळा लवकर का थकतो, याचा शोध घेणाऱ्यांचे लक्ष पुन्हा ठिपक्याच्या शेजाऱ्यांकडेच गेले आहे. होल पुरेसे न आल्याने उरलेले इलेक्ट्रॉन ठिपके ओलांडून पलीकडच्या होल-वाहक पॉलिमरमध्ये गळतात, आणि त्या पॉलिमरचे रेणू इलेक्ट्रॉन सोसायला बनवलेले नसल्याने मोडू लागतात. दुसऱ्या बाजूला झिंक ऑक्साइडच्या कणांवरचे दोष काळाप्रमाणे बदलतात. दिवा सीलबंद करण्यासाठी वापरलेल्या रेझिनमधले आम्लही त्यांच्याशी प्रक्रिया करते, इतके की काही दिवे बनवल्यानंतर काही दिवस पडून राहिले की आधी सुधारतात आणि मग ढासळतात. म्हणून झिंक ऑक्साइडमध्ये मॅग्नेशियम मिसळून त्याचा इलेक्ट्रॉन-पुरवठा आवरणे, त्याच्या जागी टिन ऑक्साइड आणणे, आणि इलेक्ट्रॉनला थोपवून धरतील असे खोल पातळीचे होल-वाहक पॉलिमर बनवणे, अशी कामे आज जगभरच्या प्रयोगशाळांत चालू आहेत.